चौसष्ट मात्रांचं गाव

पश्चिम मॅसॅच्युसेट्समध्ये, कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात, ग्रीनफिल्ड नावाचं एक लहानसं शहर आहे. तिथल्या ‘गाइडिंग स्टार ग्रेंज’ या हॉलमध्ये नाचाच्या रात्री माणसं जमू लागतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एक पिशवी असते. पिशवीत मऊ तळाचे, फक्त नाचासाठी राखलेले बूट. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ आणि वाळू टाकतात. ती बुटांबरोबर आत आली, तर लाकडी जमिनीवर चरे पडतात. म्हणून दाराशीच बूट बदलायचे. नवख्याला हे शेजारचं कुणीतरी सांगतं, आणि ते सांगता सांगता नावही विचारतं.

दाराजवळच्या टेबलावर पैसे घ्यायला एक स्वयंसेवक बसलेला असतो. बहुतेक ठिकाणी तिकिटाची एकच रक्कम नसते. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, एवढं कागदावर लिहिलेलं असतं. ज्याला जे झेपेल ते त्याने द्यावं. व्यासपीठावर फिडल, म्हणजे व्हायोलिन, जुळवली जात असते, कुणी पियानोच्या बाकाची उंची बघत असतं. आलेल्यांत कॉलेजातली मुलं आहेत, सत्तरी ओलांडलेले सुतार आहेत, नर्सबाई आहेत, शिक्षक आहेत. निम्मीअधिक माणसं एकटी आलेली. कुणाचाही पोशाख ठरलेला नाही, कुणाचीही तालीम झालेली नाही, आणि बघायला म्हणून कुणीही आलेलं नाही.

या नाचाला कॉन्ट्रा म्हणतात. अमेरिकेत आज शेकडो गावांत आणि शहरांत तो नियमित होतो. कुठे आठवड्यातून एकदा, कुठे महिन्यातून. अनोळखी माणूस साडेसातला दारातून आत येतो, आणि आठच्या सुमाराला पन्नास-साठ जणांबरोबर नाचत असतो. हे आपोआप होत नाही. त्यामागे तीन प्रकारची माणसं उभी असतात: पुकारणारे, वाजवणारे आणि हॉलची कुलपं उघडणारे. या तिघांचं काम जितकं चोख, तितका नाच नाचणाऱ्यांच्या मालकीचा होतो. या लेखात सांगायचं आहे ते एवढंच. ते सविस्तर सांगायचं कारण असं, की आपल्याकडच्या सामूहिक नाचांतून ही तिन्ही माणसं हळूहळू बाजूला पडत चालली आहेत.

रांग कशी सरकते

नाचाची रचना आधी समजून घेऊ. व्यासपीठापासून हॉलच्या दुसऱ्या टोकापर्यंत माणसांच्या दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. तुमचा जोडीदार समोरच्या रांगेत. व्यासपीठाकडची बाजू ‘वर’, दुसरं टोक ‘खाली’. मग माइकवरून सूचना येते, ‘हँड्स फोर’. वरून सुरुवात करून दर दोन जोड्या हात धरून चौघांचं कडं करतात. त्या चौघांत व्यासपीठाजवळची जोडी पहिली, दुसरी जोडी दुसरी. पहिल्या जोडीतले दोघं आपापसांत जागा बदलतात, आणि मांडणी तयार होते.

संगीताचं एक आवर्तन ६४ मात्रांचं असतं. सोळा मात्रांचा एक भाग दोनदा, मग सोळा मात्रांचा दुसरा भाग दोनदा. या ६४ मात्रांत नाचाच्या सगळ्या हालचाली बसवलेल्या असतात. आवर्तन संपतं तेव्हा प्रत्येक जोडी एक जागा सरकलेली असते: पहिल्या जोड्या खाली, दुसऱ्या वर. समोर नवी जोडी येते आणि तोच नाच पुन्हा सुरू होतो. टोकाला पोहोचलेली जोडी एक आवर्तन थांबते, जागा बदलते आणि उलट दिशेने परत निघते.

ग्रीनफिल्डच्या परिसरातच वाजवणारे आणि पुकारणारे डेव्हिड केनर यांनी रचलेला ‘द बेबी रोझ’ हा नाच उदाहरणादाखल घेऊ. पहिल्या सोळा मात्रांत शेजाऱ्याबरोबर, म्हणजे चौघांतल्या दुसऱ्या जोडीतल्या माणसाबरोबर, ‘बॅलन्स अँड स्विंग’: हात धरून एकदा पुढे, एकदा मागे, आणि मग दोघांनी जागच्या जागी वेगाने फिरायचं. दुसऱ्या सोळा मात्रांत चौघांचं कडं डावीकडे पाऊण फेरी जातं, आणि जोडीदाराभोवती पाठीला पाठ करून प्रदक्षिणा होते. तिसऱ्या सोळांत जोडीदाराबरोबर बॅलन्स अँड स्विंग. चौथ्या सोळांत उजव्या बाजूच्या दोघी हात देत पलीकडे जातात, मग चौघं डावे हात मधे घालून चांदणीसारखे फिरतात आणि पुढच्या शेजाऱ्यापाशी पोहोचतात. एवढाच नाच. नवखा तो पाच मिनिटांत शिकतो, आणि मुरलेली माणसं वर्षानुवर्षं तो आनंदाने नाचतात.

मिनिटाला सुमारे ११२ ते १२० मात्रांची लय असते. म्हणजे एक आवर्तन अर्ध्या मिनिटाहून थोडं जास्त. आठ-दहा मिनिटं नाच चालला, की पंधराएक आवर्तनं होतात आणि पंधराएक शेजारी हाताखालून जातात. कुणाशी नाचायचं हे निवडण्याचा प्रश्न फक्त जोडीदारापुरता असतो. शेजारी रांगच आणून देते. डॉक्टरच्या पुढ्यात प्लंबर येतो, आजीच्या पुढ्यात नातवाच्या वयाचा मुलगा येतो, आणि दोघांनाही सोळा मात्रांपुरतं एकमेकांना सांभाळून घ्यावं लागतं.

सांभाळून घेणं इथे अगदी शब्दशः आहे. स्विंग करताना उजवी पावलं जवळजवळ ठेवून दोघं फिरतात, आणि आपला भार किंचित मागे झुकवून समोरच्याच्या हातावर सोपवतात. एकानेच भार टाकला तर दुसरा ओढला जातो. कुणीच टाकला नाही, तर फिरण्याला वेग येत नाही. दोघांनी सारखाच टाकला, की फिरणं हलकं होतं. घेरी येऊ नये म्हणून समोरच्याच्या डोळ्यांकडे बघायचं, ही नवख्याला मिळणारी पहिली सूचना. पहिल्या दिवशी संकोच होतो. तिसऱ्या-चौथ्या शेजाऱ्यापाशी तो गळून पडतो, कारण समोरचा हसत असतो.

पुकारणारा

माइकपाशी उभ्या असलेल्या माणसाला ‘कॉलर’ म्हणतात. त्याच्या हातात कार्डांची गड्डी असते. प्रत्येक कार्डावर एक नाच, चार ओळींत मांडलेला. संगीत सुरू होण्याआधी कॉलर सगळ्यांकडून नाच एकदा, फार तर दोनदा, चालून घेतो. मग तो वादकांना खूण करतो, फिडलवर सुरुवातीच्या चार ठेक्यांची घासट वाजते आणि नाच सुरू होतो.

पुकारण्याची खरी मेख वेळेत आहे. हालचाल ज्या मात्रेवर सुरू व्हायची, त्या मात्रेवर ती सांगून उपयोग नाही. शब्द कानात शिरायला, अर्थ पायांपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून आधीच्या हालचालीच्या शेवटच्या दोन-चार मात्रांतच पुढची हालचाल उच्चारलेली असली पाहिजे, आणि सूचनेचा शेवटचा शब्द संपला की पुढचा क्षण समेचा असला पाहिजे. एसटीच्या कंडक्टरने थांबा मागे पडल्यावर गावाचं नाव पुकारलं तर काय फायदा? कॉलरचंही तसंच आहे. त्यामुळे त्याचं तोंड एका जागी असतं, पाय दुसऱ्या जागी, आणि डोळे हॉलच्या त्या कोपऱ्यात, जिथे गोंधळ होणार असं त्याला दिसू लागलेलं असतं.

शब्द कमीत कमी हवेत. ‘आता आपण सगळ्यांनी डावीकडे’ असलं वाक्य चार मात्रांत बसत नाही. ‘सर्कल लेफ्ट’ बसतं. पहिल्या तीन-चार आवर्तनांत कॉलर प्रत्येक हालचाल सांगतो. मग एकेक शब्द गाळू लागतो. ‘बॅलन्स अँड स्विंग’ नुसतं ‘स्विंग’ होतं, ‘सर्कल लेफ्ट’ नुसतं ‘सर्कल’. सातव्या-आठव्या आवर्तनाला तो पूर्ण गप्प होतो. आता हॉलमध्ये फक्त संगीत, पावलांचा आवाज आणि बॅलन्सच्या वेळी एका मात्रेवर पडणारा शंभरएक टाचांचा ठोका ऐकू येतो. कॉलरची कसोटी इथे लागते. तो गप्प झाल्यावर नाच सुरळीत चालत राहिला, तर तो कॉलर चांगला.

एखादी रांग कोलमडलीच, तर तो चुकलेल्याचं नाव घेत नाही, नाच थांबवत नाही. ‘शेजाऱ्याला शोधा आणि स्विंग करा’ असं तो सांगतो. पुढचं आवर्तन अर्ध्या मिनिटात येणारच असतं. तेव्हा सगळे जागेवर असले म्हणजे झालं. चूक दुरुस्त करायला ही रचना दर अर्ध्या मिनिटाला नवी संधी देते, आणि म्हणून नवखा माणूस इथे टिकतो.

संध्याकाळभराच्या नाचांचा क्रम लावणं हेही कॉलरचंच काम. पहिले दोन नाच सोपे, ज्यांत चुकलं तरी हरवायला होत नाही. मग हळूहळू अवघड हालचाली, पण एका वेळी एकच नवी. सगळ्यात गुंतागुंतीचा नाच सगळे ताजेतवाने आणि तापलेले असताना. मध्यंतरापूर्वी आणि शेवटी वॉल्ट्झ. हा क्रम घरून लिहून आणलेला असला, तरी आत येणारी माणसं बघून बदलावा लागतो. वीस नवखे एकदम आले, तर गड्डीतली निम्मी कार्डं परत पेटीत जातात.

पुकारण्याची भाषाही गेल्या काही वर्षांत बदलली. पूर्वी रांगेतल्या दोन भूमिकांना ‘जेंट्स’ आणि ‘लेडीज’ म्हणत. आता पुष्कळ ठिकाणी ‘लार्क्स’ आणि ‘रॉबिन्स’ म्हणतात: डावीकडचा लार्क, उजवीकडचा रॉबिन. बाई लार्क होऊ शकते, पुरुष रॉबिन होऊ शकतो, दोन मैत्रिणी एकमेकींच्या जोडीदार होऊ शकतात. एकमेकांभोवती नजर न सोडता फिरण्याच्या एका हालचालीचं जुनं नाव रोमा समाजाला दुखावणारं होतं. आता तिला ‘राइट शोल्डर राउंड’ म्हणतात. या बदलांवर वाद झाले, जुन्या माणसांना वाईट वाटलं, काही ठिकाणी अजूनही जुनेच शब्द चालतात. पण ज्या नाचाचा सगळा आधारच ‘कुणीही यावं’ हा आहे, त्याने दारात उभ्या असलेल्या माणसाला बोचणारा शब्द सोडून द्यावा, हे मला योग्य वाटतं.

वाजवणारे

कॉन्ट्राच्या साथीला सहसा फिडल आणि पियानो असतात; त्यांत कधी गिटार, मँडोलिन, अकॉर्डियन, बासरी यांची भर. फिडल धून सांगते, पियानोचा डावा हात जमीन देतो आणि उजवा हात उसळी. धुना मुख्यतः दोन जातींच्या: सहा-आठच्या चालीतली ‘जिग’ आणि सरळ चालीतली ‘रील’. आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड, क्युबेक अशा ठिकाणांहून आलेल्या, आणि अलीकडच्या वादकांनी रचलेल्याही.

वादकांना नाचणाऱ्यांसाठी वाजवायचं असतं, हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे. वाक्य कुठे संपलं, हे ऐकणाऱ्याच्या पायांना कळलं पाहिजे. बॅलन्स असेल तिथे संगीतात ठोसा हवा, लांब रांगा पुढे-मागे जातात तिथे ओघ हवा. तीन-चार आवर्तनं एक धून झाली, की वादक न थांबता दुसऱ्या धुनेत शिरतात. त्या क्षणी स्वरपट्टी चढली तर सबंध हॉलमधून आरोळी उठते. हॉल दमलेला दिसला तर लय किंचित उतरवायची, नवखे जास्त असतील तर धून साधी ठेवायची. आणि कॉलरने बोटं वर केली, की अजून दोनच आवर्तनं, हे ओळखून शेवटाची तयारी करायची.

ध्वनिमुद्रित संगीत हे करू शकत नाही. त्याची लांबी ठरलेली असते, ते कुणाकडे बघत नाही, ते थांबून राहत नाही. अमेरिकेतल्याच स्क्वेअर डान्स या दुसऱ्या सामूहिक नाचाची गोष्ट याबाबतीत विचार करायला लावते. विसाव्या शतकाच्या मध्यावर त्याची एक आधुनिक शाखा तबकड्यांवर चालू लागली. हालचालींची संख्या वाढत गेली, त्यांचे टप्पे ठरले, आणि १९७४ पासून ‘कॉलरलॅब’ ही कॉलर मंडळींची संघटना त्यांचं प्रमाणीकरण करू लागली. त्यातून कोड्यासारखा बुद्धीला चालना देणारा एक सुंदर छंद तयार झाला. पण तो नाचायला आधी क्लास करावा लागतो. कॉन्ट्राने वाट वेगळी धरली. हालचाली मोजक्याच ठेवल्या, आणि नवेपणा रचनांतून आणि जिवंत संगीतातून आणला. म्हणूनच तिथे आजही कुणीही थेट रस्त्यावरून आत येऊ शकतो.

न्यू हॅम्पशरमधले बॉब मॅक्क्विलन हे या परंपरेतलं मोठं नाव. शाळेत शिकवायचे, अकॉर्डियन आणि पियानो वाजवायचे. हजाराहून अधिक धुना त्यांनी रचल्या आणि बहुतेकांना मित्रांची, शेजाऱ्यांची, विद्यार्थ्यांची नावं दिली. २००२ मध्ये त्यांना ‘नॅशनल हेरिटेज फेलोशिप’ हा लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. २०१४ मध्ये ते गेले. त्यांच्या धुना आज अमेरिकाभर वाजतात. आपल्या नावाची धून दूरच्या गावातल्या हॉलमध्ये वाजते आणि तिच्यावर अनोळखी माणसं नाचतात, हा सन्मान एखाद्या साध्या शेजाऱ्याला एरवी कुठे मिळणार?

कुठून आलं हे सगळं

१६५१ मध्ये लंडनमध्ये जॉन प्लेफर्ड यांनी ‘दि इंग्लिश डान्सिंग मास्टर’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात शंभराहून अधिक नाच होते, प्रत्येकासोबत धून. हे ‘कंट्री डान्स’ इंग्लंडमधून फ्रान्समध्ये गेले, तिथे ‘काँत्रदान्स’ झाले, आणि वसाहतींबरोबर अटलांटिकपार पोहोचले. पुढे एकोणिसाव्या शतकात शहरांतून वॉल्ट्झ, पोल्का आणि क्वाड्रिल यांची चलती झाली. लांब रांगांचे नाच मागे पडले, पण न्यू हॅम्पशर, व्हर्माँट, मेन इथल्या डोंगराळ गावांत ते तग धरून राहिले.

पुकारणं मात्र युरोपातून आलेलं नाही. तिकडे नाच शिकवायला नृत्यशिक्षक असत. नाचणाऱ्याने आधी शिकून, पाठ करून यायचं. नाच चालू असताना वरून सूचना देण्याची पद्धत अमेरिकेतली आहे, आणि ती बहुधा कृष्णवर्णीय वादकांकडून आली, असं फिल जेमिसन यांनी २०१५ च्या ‘होडाउन्स, रील्स अँड फ्रॉलिक्स’ या पुस्तकात साधार मांडलं आहे. गोऱ्यांच्या मेजवान्यांत फिडल वाजवायला गुलाम किंवा मुक्त कृष्णवर्णीय वादक असत. सॉलोमन नॉर्थअप यांचं ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ हे १८५३ चं आत्मकथन पुष्कळांना चित्रपटामुळे माहीत आहे. ते स्वतः फिडलवादक होते आणि गुलामीच्या काळात मळेवाल्यांच्या नाचांना त्यांना वाजवावं लागे. वाजवता वाजवता हालचाली पुकारणाऱ्या अशा वादकांमुळे, ज्याने नृत्यशिक्षकाचं तोंडही पाहिलेलं नाही असा माणूस नाचू शकला. नाच सर्वांना खुला करणारी ही युक्ती ज्यांनी दिली, त्यांना स्वतःला त्या रांगेत उभं राहण्याची मुभा नव्हती.

१९२० च्या दशकात मोटारींचे कारखानदार हेन्री फोर्ड यांनी जुन्या नाचांच्या पुनरुज्जीवनासाठी भरपूर पैसा ओतला. १९२६ मध्ये त्यांनी नाचाचं पुस्तक काढलं, नृत्यशिक्षक नेमले. त्यामागे जॅझबद्दलचा तिटकारा होता, आणि त्या तिटकाऱ्यात ज्यूद्वेष आणि वर्णद्वेष मिसळलेला होता. लोककलेला ‘आपली शुद्ध परंपरा’ म्हणून कुंपण घालू पाहणाऱ्यांनी हा इतिहास जरूर वाचावा. ज्या नाचाला फोर्ड शुद्ध गोरा समजत होते, त्याचा कणा, म्हणजे पुकारा, बहुधा काळ्या वादकांनी दिलेला होता.

नाच टिकवला तो मात्र गावोगावच्या माणसांनी. न्यू हॅम्पशरमधल्या नेल्सनच्या परिसरात वाढलेले राल्फ पेज यांनी १९३० पासून अर्धशतकाहून अधिक काळ पुकारा केला, आणि १९४९ पासून पस्तीस वर्षं ‘नॉर्दर्न जंकेट’ नावाचं मासिक चालवून नाच, धुना, जुन्या आठवणी, अगदी पाककृतीही जपल्या. त्यांच्या पुढच्या पिढीतले डडली लॉफमन. १९६०-७० च्या दशकांत शहर सोडून खेड्यांकडे वळलेली तरुण मुलं त्यांच्या नाचांना लोटली, आणि तीच मुलं पुढे देशभर पांगून आपापल्या गावी नाच सुरू करती झाली. ग्रीनफिल्डच्या बाजूला डेव्हिड केनर यांनी व्यासपीठच खुलं केलं. ज्याला वाद्य धरता येतं त्याने मागे बसून वाजवावं, चुकलं तरी चालेल, असा त्यांचा खाक्या. एएलएस या आजाराने २०२१ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या मागे बसून शिकलेले वादक कित्येक गावांत वाजवत होते.

कुलपं उघडणारे

ज्यांच्यावर सगळ्यात कमी लिहिलं जातं, ती माणसं ही. हॉल कित्येक महिने आधी ठरवायचा. कॉलर आणि वादक यांची जुळणी करायची. दोघांचा सूर जमला नाही, तर संध्याकाळ फुकट. माइक आणि स्पीकर लावणारा मिळवायचा, कारण कॉलरचा शब्द शेवटच्या माणसाला कळला नाही, तर शेवटचा माणूस चुकणारच. विमा काढायचा. बर्फाचं वादळ आलं, तर दुपारपर्यंत निर्णय घेऊन सगळ्यांना कळवायचं. नाचाआधी अर्धा तास नवख्यांचा वर्ग घ्यायचा. मध्यंतराला पाणी आणि खाणं. शेवटी जमीन झाडायची, खुर्च्या जागेवर लावायच्या, दिवे बंद करायचे, आणि दारावर जमलेल्या पैशांतून भाडं वजा करून वादकांना आणि कॉलरला त्यांचं मानधन त्याच रात्री हातात द्यायचं.

या यादीत अवघड कामं आणखी वेगळीच आहेत. एखादा माणूस नाचताना हात नको तिथे ठेवतो अशी तक्रार आली, तर त्याच्याशी बोलायचं, आणि वेळ पडली तर त्याला येऊ नको म्हणून सांगायचं. हे काम टाळलं, की बायका गुपचूप यायच्या बंद होतात आणि कारण कुणालाच कळत नाही. म्हणून आता बहुतेक ठिकाणी नियम भिंतीवर लावलेले असतात: कुणीही कुणालाही विचारावं, कुणालाही ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे, आणि नाही म्हणायला कारण द्यावं लागत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे हे सगळं एका आठवड्यात थांबलं. हात धरून, तोंडासमोर तोंड आणून फिरण्याचा नाच. त्याला दुसरा पर्यायच नव्हता. पुन्हा सुरू व्हायला कित्येक ठिकाणी दीड-दोन वर्षं लागली, आणि तेही मास्क आणि लशीची अट घालून. काही नाच परतलेच नाहीत. जे परतले ते कशाच्या बळावर? तिथे किल्ली घेऊन येणारी, फोन करणारी चार माणसं शिल्लक होती म्हणून. लोककला लोक टिकवतात असं आपण म्हणतो, पण त्या लोकांत कुणीतरी वेळापत्रक लिहिणारं असावं लागतं.

एक उणीवही नोंदवली पाहिजे. कॉन्ट्राच्या रांगांत बहुसंख्य माणसं गोरी असतात, आणि अनेक ठिकाणी वयाने उतरणीला लागलेली. दार उघडं ठेवलं म्हणजे सगळे येतातच असं नाही, हे तिथले संयोजकही आता उघडपणे बोलतात. काहींनी तरुणांसाठी प्रवेशाची रक्कम कमी केली, काही कॉलेजांत जाऊन नाच घेतात. काम चालू आहे.

आपल्याकडे

हे सगळं दूरचं वाटत असेल, तर पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या वारली पाड्यावर जावं. पीक हाताशी येतं, दिवाळी जवळ येते, तसा तिथे तारपा घुमू लागतो. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाची पानं यांचं हे लांबलचक वाद्य. वाजवणारा मधे, आणि एकमेकांच्या कमरेभोवती हात घातलेल्या माणसांची साखळी त्याच्याभोवती. तारप्यावरचा सूर बदलला की पावलांची चाल बदलते. इथे वादक आणि पुकारणारा एकच असतो, शब्दांवाचून पुकारतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांमुळे ती साखळी जगभर पोहोचली, पण चित्र भिंतीवर टांगणाऱ्यांपैकी कितीजण कधी त्या साखळीत शिरले असतील?

गोव्यात मांडो आहे. युरोपातल्या नाचघरांची छाप घेऊन, पण कोकणी शब्दांत आणि घुमटाच्या नादात वाढलेला. स्त्रिया आणि पुरुष दोन रांगांत समोरासमोर, व्हायोलिनची साथ, संथ पावलं, आणि शेवटी लय वाढवणारा दुल्पद. प्लेफर्डच्या रांगांचं दूरचं नातं इथे आपल्या दारातच आहे. आणि लेझीम! हलगीचा कडकडाट, पुढे शिट्टी वाजवून पुढचा डाव सांगणारा गडी, आणि त्याच्या शिट्टीवर एकसाथ वळणारी शंभर पोरं. पुकारा, जिवंत वाद्य आणि समूह, तिन्ही गोष्टी जागेवर.

आज काय दिसतं? मंगळागौरीच्या खेळांचे संघ झाले. एकसारख्या नऊवारी, ध्वनिमुद्रित गाणी, परीक्षक आणि ढाल. फुगडी घालणाऱ्या दहाजणी व्यासपीठावर, दोनशेजणी खुर्च्यांवर. गरब्याच्या मैदानात आवाज इतका, की शेजारच्याचं नाव विचारता येत नाही. ज्याला पावलं येतात तो आतल्या वर्तुळात, ज्याला येत नाहीत तो मोबाइल धरून बाहेर. परदेशातल्या मराठी मंडळांतही हेच चित्र आहे. हॉल भाड्याने घेतात, महिनाभर तालमी करून सात-आठ नाच बसवतात, आणि तीनशे माणसं ते बघून जेवून घरी जातात. मेहनत खरी असते, कला असते, मुलांचं कौतुकही व्हायलाच हवं. पण नव्याने गावात आलेलं जोडपं त्या संध्याकाळी किती जणांच्या ओळखीचं झालं, हा प्रश्न मंडळाच्या सभेत कधीतरी विचारला गेला पाहिजे.

रंगमंचावरचा नाच आणि जमिनीवरचा नाच, दोघांनाही जागा आहे. एकाने दुसऱ्याची जागा गिळली, की माणसं नाचायचं विसरतात आणि ‘मला नाचता येत नाही’ असं खरंच मानू लागतात. कॉन्ट्राच्या हॉलमध्ये पहिल्यांदा येणारे बहुतेक सगळे हेच वाक्य म्हणत आत येतात. त्यांच्याशी कुणी वाद घालत नाही. त्यांना रांगेत मधोमध, मुरलेल्या माणसांच्या शेजारी उभं करतात.

हे करायला आपल्याला काहीही आयात करावं लागणार नाही. पुढच्या कोजागिरीला सोसायटीच्या गच्चीवर किंवा मंडळाच्या हॉलमध्ये एक तास वेगळा काढा. स्पीकरऐवजी दोन वादक बोलवा: हलगी आणि सनई, ढोलकी आणि पेटी, जे तुमच्या भागात मिळेल ते. त्यांना ठरलेलं मानधन द्या, आणि त्याच रात्री द्या. झिम्म्याचे, टिपऱ्यांचे, लेझमीचे चार सोपे प्रकार निवडा, ज्यांत प्रत्येक फेरीला समोरचा माणूस बदलतो. गटातल्या एका स्पष्ट आवाजाच्या व्यक्तीला महिनाभर आधी ते प्रकार पुकारायचा सराव करायला सांगा: शब्द थोडे, मात्रेच्या आधी, आणि जमू लागलं की गप्प. खुर्च्या भिंतीला लावा, त्या तासापुरते परीक्षक आणि ढाल बाजूला ठेवा. आणि ‘आम्ही बसतो, तुमचं चालू द्या’ म्हणणाऱ्या काका-मावशींना हाताला धरून रांगेच्या मधोमध उभं करा. पहिल्या वर्षी वीसच जण नाचतील. त्या वीसजणांतच पुढच्या वर्षीचे वादक, पुकारणारे आणि कुलपं उघडणारे असतील.